अंदाज पावसाचा होता, उन्हाचा नव्हता



आपलं कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठचं. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, रुक्मिणीचं माहेर हेच, असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. इथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी 1594 पासूनची सांगतात. ती निघते ज्येष्ठात, ऊन आणि पाऊस यांच्या सांध्यावर. डोक्यावर ऊन, अंगाला चिकट घाम आणि सांजेला कधी गडगडाट सुरू होईल याचा नेम नाही. वारकऱ्यांनी हे हवामान चारशे वर्षं अंगावर काढलं. पुढच्या चार दिवसांत काय होणार, हे तेव्हा कोण सांगायचं? आणि कोणासाठी सांगायचं? आज त्याचीच गोष्ट करू.

आपल्याकडे अंदाज सांगणाऱ्यांत एका बाईचं नाव फार जुनं आहे. सहदेव-भाडळीतली भाडळी. वारा कुठून वाहतो, कोणत्या नक्षत्रात गडगडलं, कावळ्यानं घरटं कुठं केलं, यावरून पाऊस सांगण्याचं ज्ञान लोकांनी तिच्या नावावर जमा केलं. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणीही अशीच. आखजीच्या सांजेला वावरात धान्यं गोलाकार मांडतात. मधे चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मांडणी पाहून भाकीत सांगतात. शास्त्राचा आधार त्याला नाही, तरी शेतकरी दुरून ऐकायला येतात. कारण पेरणीचा जुगार खेळणाऱ्याला कोणीतरी काहीतरी सांगायला हवं असतं.

यातलं बहुतेक सगळं पिकासाठी होतं. पाऊस किती, ज्वारी कशी, कपाशीला भाव काय. नवतप्यात वावरात धसकटं वेचणाऱ्या बाईनं किती वाजता घरी यावं, हे त्या मांडणीत नव्हतं.

मग इंग्रजांचा काळ आला. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांना इथला कापूस हवा होता. 1864 चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ पाहून त्यांनी 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग काढला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि 1886 पासून असे अंदाज रीतसर निघू लागले.

1899 साली मात्र अंदाज सपशेल फसला. चांगला पाऊस सांगितला होता, पण पावसानं पाठ फिरवली. तो छप्पन्याचा दुष्काळ वऱ्हाडालाही भोवला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला बायाही गेल्या, उन्हातान्हात. त्यानंतर काही वर्षं सरकारनं पावसाचे अंदाज लोकांना सांगायचेच बंद केले. फसलेल्या अंदाजाची लाज सरकारला वाटली. खडी फोडणारीच्या डोक्यावर सावली असावी, याचा नियम व्हायला पुढं फार वर्षं लागली. 2005 च्या रोजगार हमीच्या कायद्यात कामावर प्यायचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असलीच पाहिजे, असं लिहिलं गेलं.

1945 पासून हवामान विभाग खास शेतकऱ्यांसाठी बातमीपत्र काढू लागला. 1948 मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. अंदाज घरात आला, पण बोलणं पुन्हा पेरणीचं आणि फवारणीचं. उन्हाचा आकडा कानावर पडायचा तो बातमी म्हणून.

उन्हानं माणसं मरतात, आणि ती वाचवता येतात, हे सरकारी कागदावर नीट यायला फार वेळ लागला. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेनं शेकडो माणसं गेली. तिथे 2013 मध्ये उष्णतेशी सामना करायचा आराखडा झाला. नंतर नागपूरनंही तसा आराखडा केला. 2024 च्या मे अखेरीस अकोल्यात पारा 45 च्या वर चढला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावलं. कामगारांना पाणी आणि पंखा द्या, शिकवणीचे वर्ग भर दुपारी घेऊ नका, असा तो आदेश होता. हवामानासाठी जमावबंदीचं कलम! आपल्या आज्यांना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

पण नुसता पारा पाहून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वायव्येकडून कोरडा वारा येतो. तेव्हा पारा 44 असला तरी घाम वाळतो, आणि घाम वाळला की अंग थंड होतं. मेच्या शेवटी समुद्राकडची ओल येऊ लागते. पारा 39-40 वर उतरतो, आपल्याला वाटतं उन्हाळा सरला. पण आता घाम वाळत नाही, कूलरही नुसती ओली हवा फेकतो. अंगातली आग अंगातच राहते. म्हणून उकाड्याचे दिवसही जिवावरचे असतात. बोलणं बरळल्यासारखं झालं, अंग तापून भणभणलं, तर सावलीत न्या, ओलं फडकं फिरवा, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

हीच ओल तापलेल्या जमिनीवरून झपाट्यानं वर चढली की दुपारनंतर काळे ढग उभे राहतात. 9 एप्रिल 2023 ला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात मंदिराच्या टिनशेडवर कडुनिंबाचं झाड कोसळलं आणि आसऱ्याला थांबलेली सात माणसं गेली. वादळात झाड आणि झाडाखालचं शेड हा आसरा नव्हे. वीज चमकल्यावर मोजायला लागा. तीस म्हणायच्या आत आवाज आला, तर वावर सोडून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

आज नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्याजिल्ह्याचा इशारा रंगांत देतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हलाच. विजेसाठी पुण्याच्या संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. भाडळीपासून इथवर यायला एवढा काळ लागला. पण तो इशारा मजुरीच्या वेळेला बांधला नाही, तर आपल्यासाठी ती पुन्हा नुसती बातमीच.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाआधी तीन गोष्टी ठरवू. एक, रोज सकाळी जिल्ह्याचा रंग कोण पाहणार आणि बाकीच्यांना कोण सांगणार. दोन, नारिंगी-लाल दिवशी आपण पहाटे कामाला लागू आणि अकराच्या आत घरी येऊ, हे वावराच्या मालकाला सगळ्या मिळून सांगू. एकटीनं सांगितलं तर तिचा रोज जातो, वीस जणींनी सांगितलं तर वेळ बदलते. तीन, रोजगार हमीच्या कामावर सावली-पाणी नसेल तर ग्रामसभेत लेखी मागू.

पावसाचा अंदाज चुकू शकतो, 1899 मध्ये चुकलाच होता. आपण एकमेकींना निरोप द्यायला मात्र चुकायचं नाही.