वाड्यातली जुनी बंदूक: ठेवायची का जमा करायची?



सोयाबीनची रास घरात आली, हरभरा उगवून वर आला की आपल्या मुखेड भागात रात्रीची जागल सुरू होते. पारावर रानडुकरांचा, रोह्यांचा, हरणांच्या कळपांचा विषय निघतो आणि हटकून कुणीतरी म्हणतं, "अहो, तुमच्या आजोबाची बंदूक हाय की वाड्यात. काढा की बाहेर!" ज्याच्या घरी ती आहे तो नुसता हसतो. कारण ती बंदूक कित्येक वर्षांत वाजलेली नसते. परवाना कुणाच्या नावावर आहे, तो कधी संपला, काडतुसं कुठं ठेवलीत, हे घरात कुणालाच नीट माहीत नसतं.

अशा न वाजणाऱ्या बंदुकीचं काय करायचं, हा आजचा विषय. ठेवावी, नावावर करून घ्यावी, विकावी का ठाण्यात जमा करावी? माझं म्हणणं असं, की ती घरात कशासाठी आली ते आधी बघावं. ज्या कारणानं आली ते कारण आज उरलंय का, एवढं तपासलं की निम्मं उत्तर मिळतं.

पहिलं कारण होतं भीती आणि मान.

१८५७ चा उठाव झाला आणि वीस-एकवीस वर्षांनी, १८७८ साली, व्हाइसरॉय लिटनच्या काळात ब्रिटिश मुलखात हत्यारांचा कायदा आला. देशी माणसाला परवाना सक्तीचा झाला, गोऱ्यांना सूट मिळाली. तेव्हापासून बंदुकीचा परवाना म्हणजे सरकारदरबारी वजन असल्याची खूण झाली. आपला मुखेड, कंधार, देगलूरचा भाग निजामाच्या राज्यात होता, पण इथंही बंदूक दिसायची ती जहागीरदार, देशमुख, पाटलाच्या वाड्यात. साध्या कुळाच्या हातात काठी, कुऱ्हाड आणि गोफण.

मग १९४७-४८ चं साल आलं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. गावं लुटली गेली, जाळली गेली, माणसं बायकापोरं घेऊन वऱ्हाडाकडं आणि सोलापूरकडं पळाली. उमरखेडच्या कॅम्पातून आपल्या माणसांनी प्रतिकार केला. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा आणि त्यातून हत्यारं हवी होती म्हणून. त्या दिवसांत घरात बंदूक असणं आणि नसणं यात जीव जाण्या-राहण्याचा फरक होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौज शिरली, १७ ला निजामानं शरणागती दिली.

त्यानंतरची गोष्ट आपल्याकडं कमी सांगितली जाते, पण ती पण आपलीच आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस या भागात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली, असं त्यात लिहिलं होतं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. आधी एका बाजूची निरपराध माणसं मेली, नंतर दुसऱ्या बाजूची. हत्यार ज्याच्या हातात त्याचं राज्य, हे दोन्ही वेळा दिसलं.

त्याच डिसेंबरात दिल्लीत घटना समितीत चर्चा चालू होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात हत्यार बाळगायचा हक्क नागरिकाला, नियमांच्या चौकटीत, मान्य केलेला होता. त्या आधारावर ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणून आपल्या देशात बंदूक ठेवणं हा हक्क नाही, ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. आणि परवानगी म्हटलं की कारण दाखवावं लागतं. हा मुद्दा पुढं लागणार आहे, ध्यानात ठेवा.

दुसरं कारण होतं शिकार.

मोठ्या घरांत बारा बोअरच्या जोडीला रायफलही असायची. शिकारीला ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल प्रसिद्ध. हरीण, ससा, तितर यांची शिकार म्हणजे पाहुण्यांची बडदास्त. पण बघता बघता माळरानं ओस पडली. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. माळढोक सोलापूर-मराठवाड्याच्या माळावर बोटावर मोजण्याइतका राहिला. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने जवळजवळ बंदच झाले. काळवीट मारल्यावर काय होतं हे सलमान खानच्या खटल्यानं गावोगाव कळलं: घटना १९९८ ची, आणि खालच्या कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१८ ला.

म्हणजे शिकारीची रायफल ज्या कामासाठी घेतली ते काम कायद्यानं संपून आता तीस वर्षांच्या वर झाली.

तिसरं कारण पिकाची राखण. आपल्याला खरं जवळचं हेच.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात पीक संरक्षणाला स्वतःची जागा आहे. कायदा म्हणतो, खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक द्यावी. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरसारखी, देता येते. रायफलचं नाव तिथं नाही. कारण सरळ आहे. छऱ्याचा जोर थोड्या अंतरात संपतो. रायफलची गोळी नळीतल्या आट्यांमुळं फिरत जाते आणि किलोमीटरच्या पुढंही माणूस मारू शकते. आपल्या शिवारात रात्री प्रत्येक धुऱ्यावर कुणी ना कुणी जागलीला असतो. तिथं रायफल चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ.

आणि परवाना असला म्हणून जनावर मारता येतं असंही नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत. बंदूक ठेवायची परवानगी कलेक्टर ऑफिसातून, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्याकडून. जनावर मारायची लेखी परवानगी वन खात्याची. रानडुक्कर, रोही यांच्यासाठी उभ्या पिकाच्या नुकसानीचं कारण देऊन ती मागता येते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही. म्हणजे ज्या हरणांच्या कळपानं आपला हरभरा साफ होतो, त्यांच्यापुढं ही बंदूक आवाज करण्यापुरतीच.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. विधानसभेची निवडणूक गेल्या तिन्ही वेळा, २०१४, २०१९ आणि २०२४ ला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली. तेव्हा आपली खरिपाची काढणी आणि रब्बीची उगवण चालू असते. राखणीची गरज सगळ्यात जास्त असते, नेमकी तेव्हाच बंदूक ठाण्यात.

जुन्या लोकांनी पीक राखलं ते माळा, गोफण, डबा, शेकोटी आणि जागा माणूस यांच्या जोरावर. रानडुकराची मादी एका वेताला चार-सहा पिल्लं घालते. एक मारून कळप संपत नाही. रानात माणूस जागा आहे हे कळलं की तो धुरा बदलतो, एवढंच. आज ते काम सौर झटका मशीन आणि गावानं मिळून लावलेल्या पाळ्या जास्त चांगलं करतात. मेनलाईनचा करंट तारेत सोडू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो. त्यानं डुकरापेक्षा आपलीच माणसं जास्त मेलीत असं वाटावं, इतक्या बातम्या दर हंगामात वाचतो.

आता मुख्य अडचण. वडील वारले की जमिनीला वारसाचा फेर होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात. बंदुकीचं तसं नाही. बंदूक वारसानं येते, परवाना वारसानं येत नाही. परवानाधारक वारला की ती बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या डीलरकडं विनाविलंब जमा करावी लागते. मग वारसाला ठराविक मुदतीत दोन वाटा असतात: स्वतःच्या नावानं परवाना काढून ती परत घेणं, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्याला विकणं. मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

२०१६ च्या नियमांत एक सोय आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक ठेवून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. मग वारसाला अर्ज करता येतो. म्हातारं माणूस घरात आहे तोवर हे काम केलेलं बरं.

आणखी तीन गोष्टी. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. आणि विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं झाली. शिवाय परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन नंबर लागतो. जुनं पुस्तक कपाटात आहे म्हणून परवाना जिवंत आहे असं समजू नका.

बाहेर काय चाललंय ते पण बघू. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडवा लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षं वाढली. तिथं बंदुकीची पूजा होते, तिला वर्षाच्या सणात आणि रीतीरिवाजात स्थान आहे. ऑस्ट्रेलियात उलटं झालं. १९९६ ला पोर्ट आर्थरला एका माणसानं पस्तीस जणांना मारलं. त्यानंतर सरकारनं पैसे देऊन सहा लाखांहून जास्त बंदुका परत घेतल्या. शेतकऱ्याला बंदूक मिळते तिथं अजून, पण खरं कारण दाखवून. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी आहे: ज्याच्याकडं बंदूक आहे त्याला ती कशासाठी आहे हे सांगता येतं. आपल्या वाड्यातल्या बंदुकीबद्दल ते कुणालाच सांगता येत नाही, अडचण ती आहे.

"आजोबाची आठवण हाय, कशी द्यावी?" हे मी पुष्कळ ऐकतो, आणि ते खोटं नाही. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, म्हातारीचा जीव त्यात असतो. पण घरात लहान लेकरं असतात. कधी नापिकी, कर्ज, भांडण असतं. आपल्या मराठवाड्यात किती घरांनी कर्ते माणूस गमावलेत हे सांगायची गरज नाही. अशा वाईट रात्री हातासरशी काय आहे यावर फार काही ठरतं. फवारणीचं औषध आपण कुलपात ठेवा म्हणतो ते याचसाठी. बंदुकीला तोच नियम.

माझा हिशोब असा. घरातल्या एका तरी हयात माणसाच्या नावावर चालू परवाना आहे, ती सांभाळायची त्याला अक्कल आहे, कुलूपबंद जागा आहे आणि सांगण्यासारखं कारण आहे, तर ठेवा. यातलं एक जरी नसलं तर सोडा. रायफल असेल तर ठेवायला कारण सापडणं अवघडच.

सोडायची तर नीट सोडा. आधी उडवून बघू नका. वर्षानुवर्षं पडलेल्या नळीत गंज धरतो, कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि अशी नळी हातात फुटू शकते. आत काडतूस आहे का हे स्वतः उघडून बघायला जाऊ नका. परवाना संपलेली बंदूक मोटारसायकलवर घेऊन परस्पर निघू नका. आधी ठाण्यात फोन करा किंवा जाऊन भेटा, लेखी अर्ज द्या, ते सांगतील तशी जमा करा. काडतुसंही द्या. नंबर, बनावट, तारीख लिहिलेली पावती घ्या आणि ती सातबाऱ्याच्या फाईलीत लावा.

आणि जमा करण्याआधी एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, ती बंदूक कधी आली, कुणी आणली, अठ्ठेचाळीस साली ती कुठं लपवली होती, हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. त्याला कुठला परवाना लागत नाही, आणि ते माणूस गेल्यावर कुठल्या ठाण्यातून ते परत मिळणार नाही.