मॉरवान यांचे जागे रुग्ण

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनी प्रांतात, लानिलीस हे छोटं गाव आहे. डॉ. ऑग्युस्तँ मॉरवान (१८१९–१८९७) पॅरिसला वैद्यक शिकले, पण प्रॅक्टिस केली ती या गावात. १८९० साली त्यांनी एका दुर्मीळ आजाराचं वर्णन छापलं. रुग्णाच्या पोटऱ्या-मांड्यांच्या कातडीखाली स्नायूंचे तंतू सारखे फुरफुरत. अंग घामाने निथळे, भास होत आणि झोप पार उडालेली असे. मॉरवान यांनी याला ‘तंतूंचा कोरिया’ म्हटलं. कोरियात हातपाय वेडेवाकडे उडतात. इथे कातडीखाली लाटा उठत आणि हातपाय जागच्या जागी राहत. नाव फसलं, पण फुरफुरणारे स्नायू, घाम आणि हरपलेली झोप ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत, हे त्यांनी अचूक ओळखलं.

१९७४ मध्ये लियाँ इथल्या मिशेल जुव्हे आणि सहकाऱ्यांनी असाच एक रुग्ण नोंदवला. हा २७ वर्षांचा तरुण कित्येक महिने जवळजवळ झोपलाच नाही. तरी तो पेंगत नव्हता, थकत नव्हता, त्याची स्मरणशक्तीही शाबूत होती. मात्र बहुतेक रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, वीस मिनिटं ते तासभर, त्याला नसलेली दृश्यं दिसत, आवाज ऐकू येत, वास येत.

याचं कारण सापडलं ते रक्तात. मज्जातंतूने संदेश धाडला, की पोटॅशियमच्या वाहिन्या त्याला पुन्हा शांत करतात. २००१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या डॉक्टरांनी अशा रुग्णात या वाहिन्यांविरुद्धची प्रतिपिंडं दाखवून दिली. पुढे कळलं, की त्यांचं मुख्य लक्ष्य वाहिनीला लागून असलेलं ‘कॅस्पर-२’ हे प्रथिन आहे. ते हातापायांच्या मज्जातंतूंत असतं आणि मेंदूतही. म्हणून तिकडे पोटरी थांबत नाही आणि इकडे डोळा लागत नाही. काहींच्या छातीत थायमस ग्रंथीची गाठही निघते.

कारण कळल्यावर उपचारांना दिशा मिळाली. प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव बदलला, प्रतिकारशक्तीला आवर घातला, की अनेक रुग्ण सुधारतात. पुन्हा झोपू लागतात.

पण त्यासाठी आजार आधी ओळखता यायला हवा. रात्रभर जागणाऱ्या, भास होणाऱ्या माणसावर वेडाचा शिक्का चटकन बसतो आणि मग त्याच्या पायांकडे कोणाचं लक्ष जात नाही. मॉरवान यांच्याकडे प्रतिपिंडांची तपासणी नव्हती. त्यांनी पोटरी नीट पाहिली होती.