टिळकांचा दरबार



पोलोग्राउंडच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त ख्रिस्ती परिचारिका येत. मूळच्या अहमदनगरकडच्या. एकदा त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, तुमचे महावीर पूजेच्या वेळी मंदिरात येतात का हो?” मी म्हटले, “नाही. तीर्थंकर सिद्धशिलेवर गेले, ते परत येत नाहीत. मूर्तीपुढे बसून आम्ही त्यांचे गुण आठवतो.” त्या म्हणाल्या, “आमचे येतात. दोघे-तिघे जमलो तरी पुरते.” मी हसलो नाही. औषधाचा कणही सापडू नये अशा पोटेन्सीवर ज्याचे घर चालले, त्याने कोणत्या तोंडाने हसायचे?

ते आश्वासन मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात आहे. ख्रिस्त उपासनेत असतो तो कसा, भाकरीत की केवळ स्मरणात, यावर 1529 साली मारबुर्गला लूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले आणि एकमत न होताच उठले. मराठीत हा प्रश्न निराळ्या दाराने आला. कीर्तनात विठ्ठल स्वतः उभा असतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून द्यावे लागत नाही. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे रुजलेले होते. नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला अभंगातच आणले.

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र घेतला नाही. पुढची पाच वर्षे त्या घरात सोवळे-ओवळे आणि ताटातुटीचे काय काय झाले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. मला वाटते, टिळकांच्या पुढच्या धाडसाचे मूळ या पाच वर्षांत असावे. बाप्तिस्म्याची रेघ चुलीपाशी आली की काय होते, ते त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणारा कोणीही त्यात यावा, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. चर्चच्या दृष्टीने हे भलतेच होते. नोंदवही नसेल तर मंडळी कोणाची? तो आक्षेप पोकळ नाही. बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात, वारसा गमावलेल्या माणसाला हे कसे वाटले असेल? पण टिळकांची बाजू मला अधिक पटते. ख्रिस्त जर खरोखर जमलेल्यांत येत असेल, तर दारावर कोण बसणार?

9 मे 1919 ला टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

त्या परिचारिकाबाईंनी शेवटच्या आजारात मला एकदा प्रार्थनेला बोलावले. खोलीत पाच माणसे, पेटी नाही, टाळांचा एक जोड. मी चपला बाहेर काढून दाराशी बसलो. टिळकांचे एक भजन सुरू झाले. शब्द मला येत नव्हते, पण चाल येत होती. आमच्या मंदिरात एक स्तवन त्याच चालीवर म्हणतात. दुसऱ्या कडव्याला बाईंनी टाळ माझ्या हातात दिले.