वाघिणींचा हिशेब आणि उसनी आज्ञावली : ब्रिटिश रेल्वेच्या ‘टॉप्स’ प्रणालीचा इतिहास

वाहतूक व्यवसायाचा इतिहास बहुधा रूळ, पूल आणि इंजिने यांच्या आधारे लिहिला जातो. या व्यवसायाचा रोजचा हिशेब कोण व कोणत्या साधनाने ठेवत होते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. एखाद्या वाहतूक संस्थेने व्यवस्थापनासाठी संगणकीय आज्ञावली निवडणे ही वरकरणी तांत्रिक खरेदी वाटते. प्रत्यक्षात तो संस्थेच्या कार्यपद्धतीविषयीचा निर्णय असतो. ब्रिटिश रेल्वेने १९७१ साली घेतलेला असा एक निर्णय प्रस्तुत लेखात तपासला आहे.

मालवाहतुकीच्या रेल्वेची मूळ अडचण साधी आहे. वाघीण भरलेली असून धावत असेल तेव्हाच ती पैसे मिळवते. उरलेला काळ ती यार्डात उभी राहून जागा अडवते. १ जानेवारी १९४८ रोजी राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ब्रिटिश रेल्वेकडे दहा लाखांहून अधिक वाघिणी आल्या. त्यांतील बऱ्याच पूर्वी कोळसा खाणींच्या व व्यापाऱ्यांच्या खासगी मालकीच्या होत्या. कोणती वाघीण कोठे आहे याची नोंद हाताने होत असे. स्थानकांवरून रोज आकडे कळविले जात, ते विभागीय कार्यालयात एकत्र केले जात आणि त्यांची बेरीज पूर्ण होईपर्यंत ते शिळे झालेले असत. शिवाय, उद्या मागणी आली तर हाताशी असाव्यात म्हणून काही रिकाम्या वाघिणी राखून ठेवण्याचा मोह स्थानिक अधिकाऱ्यांना होणे स्वाभाविक होते. परिणामी एकीकडे वाघिणींची टंचाई आणि दुसरीकडे त्यांची गर्दी अशी विसंगत स्थिती निर्माण होई. १९६३ च्या बीचिंग अहवालाने रेल्वेच्या तोट्याची चर्चा सार्वजनिक केली. रस्ते वाहतुकीच्या स्पर्धेमुळे मालवाहतूक हातची जाऊ लागली होती. हिशेबाचा प्रश्न अशा रीतीने अस्तित्वाचा प्रश्न बनला.

या काळात अमेरिकेतील सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आयबीएमच्या सहकार्याने ‘टोटल ऑपरेशन्स प्रोसेसिंग सिस्टिम’ अर्थात ‘टॉप्स’ ही प्रणाली विकसित केली होती. प्रत्येक वाघीण, प्रत्येक इंजीन व प्रत्येक गाडी यांची स्थिती एका केंद्रीय संगणकात घटना घडेल तशी नोंदवायची, हे तिचे तत्त्व होते. ब्रिटिश रेल्वेपुढे दोन मार्ग होते. स्वतःच्या गरजांप्रमाणे नवी आज्ञावली घडविणे हा पहिला. त्यात अनेक वर्षे जाणार होती आणि यशाची खात्री नव्हती. दुसरा मार्ग चालत असलेली प्रणाली विकत घेण्याचा. संस्थेने दुसरा मार्ग स्वीकारला. खर्चापेक्षा वेळेचा विचार येथे निर्णायक ठरला, असे मानावयास जागा आहे. १९७३ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य टोकापासून प्रणाली सुरू झाली आणि १९७५ पर्यंत ती देशभर पोहोचली. अवघ्या दोन वर्षांत संपूर्ण राष्ट्रीय जाळे नव्या पद्धतीखाली आणणे ही त्या काळी मोठी कामगिरी होती. प्रकल्पाशी संबंधित रॉबर्ट अर्नॉट यांनी १९७९ मध्ये त्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

या वेगामागचे कारण पाहिले पाहिजे. आणलेल्या आज्ञावलीत शक्यतो फेरफार न करता रेल्वेने स्वतःच्या नोंदी व संज्ञा तिच्या साच्यात बसविल्या. अमेरिकेत मालवाहू डब्याला ‘कार’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘वॅगन’. तरीही डब्याच्या प्रकाराच्या सांकेतिक रकान्याचे नाव ‘कारकाइंड’ असेच राहिले. अमेरिकी डब्यांना सर्वत्र हवेच्या दाबाचे ब्रेक असत. ब्रिटनमध्ये मात्र काहींना हवेचे, काहींना निर्वात पद्धतीचे, तर जुन्या असंख्य वाघिणींना केवळ हाताने लावावयाचे ब्रेक होते. हा सारा गुंता तीन अक्षरी संकेताच्या शेवटच्या अक्षरात सामावला गेला. इंजिनांचे जुने क्रमांक जाऊन पाच अंकी क्रमांक आले. त्यांतील पहिले दोन अंक वर्ग दर्शवितात. वेल्समधील व्हेल ऑफ ऱ्हायडॉल या अरुंद मार्गावरील तीन वाफेच्या इंजिनांनाही कागदोपत्री ९८ हा वर्ग मिळाला. सर्वांत बोलके उदाहरण समुद्रावरचे आहे. रेल्वेच्या ज्या जहाजांतून वाघिणी खाडीपार जात, त्यांना चक्क इंजीन मानून ९९ हा वर्ग देण्यात आला. संगणकाच्या लेखी जहाज ही वस्तूच नव्हती. वाघिणी पुढे न्यायच्या तर त्यांच्या पुढे इंजीन हवे! प्रणाली बदलण्यापेक्षा जहाजाला इंजीन म्हणणे स्वस्त पडले. यात हास्यास्पद काही नाही. व्यवहारी शहाणपण मात्र पुष्कळ आहे.

आज्ञावली संस्थेच्या प्रचलित पद्धतीशी जुळणारी असावी, असे सर्रास सांगितले जाते. ब्रिटिश रेल्वेची प्रचलित पद्धतच सदोष होती. तिच्याशी तंतोतंत जुळणारी प्रणाली घडविली असती तर जुने दोष संगणकात कायम झाले असते. परकी आज्ञावली लवचिक नव्हती, हाच येथे तिचा गुण ठरला. अर्थात या पारदर्शकतेची किंमत कोणी मोजली हेही नोंदविणे आवश्यक आहे. नेमक्या किती वाघिणी लागतात हे स्पष्ट झाल्यावर जास्तीच्या वाघिणी उघड झाल्या. आधीपासून सुरू असलेल्या कपातीला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला, आणि यार्डांतील कामगारांच्या दृष्टीने हे आकडे निर्विकार नव्हते.

टॉप्सचा प्रवास ब्रिटनमध्येच थांबला नाही. कॅनडियन नॅशनल रेल्वेने ती स्वीकारून ‘ट्रॅक्स’ असे नाव दिले, आणि मालवाहतुकीच्या माहिती प्रणालीसाठी भारतीय रेल्वेनेही याच ‘ट्रॅक्स’ची निवड केली. त्या कामासाठी १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. मात्र ब्रिटनमधील दोन वर्षांचा वेग येथे दिसला नाही. विश्वासार्ह दूरसंचार जाळ्याअभावी घटना घडेल तशी नोंद करणे अवघड होते, आणि नोंद उशिरा होणार असेल तर अशा प्रणालीचे प्रयोजनच उरत नाही. पुढे मूळ आराखड्यात बदल होऊन संपूर्ण रेकचा मागोवा घेणारी व्यवस्था प्रथम उभी राहिली.

प्रवासी आरक्षणाच्या बाबतीत भारतीय रेल्वेने नेमका उलटा मार्ग धरला. महिला, संरक्षण दल व आणीबाणीचे कोटे, मधल्या स्थानकांचे स्वतंत्र वाटे, प्रतीक्षायादी आणि सवलतींची लांबलचक यादी यांचे गणित बाहेरच्या तयार आज्ञावलीत बसणारे नव्हते. सीएमसी या सार्वजनिक कंपनीने ‘इम्प्रेस’ ही आज्ञावली येथेच घडविली व १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे तिचा प्रयोग सुरू झाला. पुढे मुंबईसह अन्य महानगरांत ती बसविली गेली. पण प्रत्येक केंद्र स्वतंत्र बेट होते. एका केंद्राच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राच्या गाड्यांचे आरक्षण थेट होत नसे. ‘क्रिस’ने तयार केलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे आली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे जोडली गेली. ऑगस्ट २००२ मध्ये आंतरजालावरील आरक्षण सुरू झाले, ते या जोडणीच्याच बळावर.

टॉप्सच्या मूळ कंपनीची कथा निराळी आहे. १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली. नव्या मालकाची प्रणाली वेगळी होती. तीही त्याने पूर्वी विलीन केलेल्या मिसुरी पॅसिफिककडून आलेली. दोन्ही कंपन्यांचे कामकाज एकत्र करताना १९९७ मध्ये ह्यूस्टन परिसरात मालगाड्यांची अभूतपूर्व कोंडी झाली. त्या कोंडीची कारणे अनेक होती, आणि संगणकीय नोंदींचे स्थलांतर हे त्यांपैकी एक होते. टॉप्स तिच्या जन्मस्थानी टप्प्याटप्प्याने बंद झाली. ब्रिटनमध्ये मात्र रेल्वेचे खासगीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेचे तुकडे झाल्यानंतरही ती वापरात राहिली.