वाड्याचा अडसर ते पार्किंगमधली साखळी
पुण्यातल्या वाड्यांत वाहनाच्या सुरक्षेचा वेगळा विचार करावा लागत नसे. भक्कम लाकडी दरवाजा, आतून अडसर, रात्री फक्त दिंडीतून ये-जा आणि चौकात सतत कुणाची तरी जाग. सायकल असो वा स्कूटर, तिची राखण सगळा वाडाच करी.

आणि राखण्यासारखी ती होतीच! १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. अशी गाडी चोरीला जाणे म्हणजे निव्वळ पैशांचे नुकसान नव्हे. पुन्हा त्याच रांगेच्या शेवटी उभे राहणे.

पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या. गाड्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये आल्या आणि पहारा एकट्या हँडल लॉकवर आला. हे कुलूप हँडल एका बाजूला वळवून जखडते, पण जोराच्या हिसक्यापुढे ते टिकेलच असे नाही. शिवाय गाडी उचलून टेम्पोत घातली, तर त्याचा काय उपयोग? स्कूटरच्या स्टेपनीवरही चोरांचा डोळा असे, म्हणून तिला निराळे कुलूप आले.

मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा प्रश्न दारे-तिजोऱ्यांचा होता. गाडीला मात्र दारच नाही. म्हणून साखळी चाकातून नव्हे, तर सांगाड्यातून ओवून भिंतीतल्या कड्याला बांधायला हवी. ती जमिनीवर लोळता कामा नये. फरशीचा आधार मिळाला की हातोड्याचे घाव नेमके बसतात.