रापण, पर्ससीन आणि सागरी मैलांचा कायदा

मालवण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीच्या नियमनाचा वाद मुळात रापणीपासून सुरू होतो. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी अनेक माणसांनी किनाऱ्यावर ओढायचे आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी विभागायची, ही सामुदायिक पद्धत म्हणजे रापण. साहजिकच मासा किनाऱ्याजवळ आला, तरच ती चालते. पर्ससीन जाळे मात्र बांगडा-तारलीच्या थव्याला खोल पाण्यातच वेढते आणि तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर आवळून बटव्यासारखे मिटते, त्यामुळे किनाऱ्याकडे येणारा थवा वाटेतच संपतो. शेजारच्या गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकातच आंदोलन उभारले होते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. तथापि राज्याची हुकमत 12 सागरी मैलांपर्यंतच (सुमारे 22 किलोमीटर) असल्याने आणि कायद्यातील दंड तुटपुंजा असल्याने, यंत्रे वाढली तशी त्याची जरब उरली नाही. फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनवर क्षेत्र व हंगामाची बंधने आली, तर प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात नेला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले; हा बदल दंडवाढीहून महत्त्वाचा मानावा लागेल, कारण महसुली कामांच्या रेट्यात समुद्र मागे पडत असे. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवण्याचे कामही यंत्राकडेच आले.