कोकण किनाऱ्यावरील प्रवासी जलवाहतूक व खाडीपूल

मुंबई व कोकणातील बंदरे यांच्या दरम्यान आगबोटी व लाँच यांच्यामार्फत, तसेच खाड्यांच्या मुखांशी होड्या व फेरीबोटी यांच्यामार्फत होणारी प्रवाशांची ने-आण आणि तिला पर्याय म्हणून बांधलेले वा योजिलेले पूल व किनारी रस्ते. महाराष्ट्राचा किनारा परंपरेने सु. ७२० किमी. लांबीचा मानला जातो. सह्याद्रीत उगम पावून अरबी समुद्रास मिळणाऱ्या अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल इ. नद्यांच्या मुखांशी रुंद खाड्या असल्याने हा किनारा ठिकठिकाणी खंडित झाला आहे. खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावे एकमेकांना समोर दिसत असली, तरी खुष्कीच्या मार्गाने एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाण्यासाठी खाडीच्या शिरापर्यंत वळसा घ्यावा लागे. उत्तर-दक्षिण प्रवासाला त्यामुळे समुद्र हाच दीर्घकाळ मुख्य मार्ग राहिला.

आगबोटींचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ही वाहतूक शिडाच्या गलबतांतून व मचव्यांतून होत असे. शतकाच्या उत्तरार्धात बाष्पशक्तीवर चालणाऱ्या बोटी नियमितपणे येऊ-जाऊ लागल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ले या बंदरांना घेत त्या पणजीपर्यंत जात. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व घरकामात गुंतलेल्या चाकरमान्यांचा गावाशी असलेला संबंध या बोटींवर अवलंबून होता. पत्रे, पैसा, किराणा माल व आंबा यांची वाहतूकही त्यांतूनच चाले. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला मुंबईतील ‘भाऊचा धक्का’ हे या प्रवासाचे परिचित ठाणे ठरले. प्रारंभी शेफर्ड कंपनी व पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी यांचे या मार्गावर प्राबल्य होते. त्यांना तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी पुढे आली. ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने ती लोकांत ओळखली जाई आणि तिच्या बोटींना संतांची नावे दिलेली असत.

सेवेतील अडचणी : पहिली अडचण ऋतुमानाची होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारणतः जून ते ऑगस्ट या महिन्यांत, लांब पल्ल्याची बोटसेवा बंद राही. पेरणी-लावणीसाठी गावी जाणे, आजारी माणसास मुंबईस नेणे वा मृत्यूची वार्ता मिळाल्यावर निघणे, या सर्व गोष्टी याच महिन्यांत सर्वांत दुष्कर होत. दुसरी अडचण बंदरांच्या उथळपणाची होती. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे खाड्यांच्या मुखांशी वाळूचे दांडे तयार होतात. परिणामी बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि प्रवाशांना पडावातून तिच्यापर्यंत नेले जाई. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर चढणे वृद्धांना, गरोदर स्त्रियांना व मुलांना धोक्याचे असे. तिसरी अडचण गर्दीची होती. गणेशोत्सव, शिमगा व मे महिन्याची सुटी या दिवसांत मागणी एकाएकी वाढे, तर वर्षाच्या इतर काळात बोटी अर्ध्या रिकाम्या धावत. थोड्या दिवसांच्या उत्पन्नावर वर्षाचा खर्च भागवावा लागत असल्याने गर्दी आवरण्यात कंपन्यांना फारसा रस नव्हता.

अपघात : ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात सापडून ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्याहून भीषण दुर्घटना १७ जुलै १९४७ रोजी घडली. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकानजीक उसळलेल्या समुद्रात कलंडून बुडाली व सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या असल्याने पुष्कळ जण घरी निघाले होते. स्वातंत्र्य महिन्यावर येऊन ठेपले असता घडलेल्या या दुर्घटनेने कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्यातील अनेक गावांवर शोककळा पसरली. लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. परंतु मुंबई बंदराच्या मुखाशी चालणारी जवळची वाहतूक चालूच राही आणि तीही निर्धोक नव्हती, हे या घटनेने दाखवून दिले.

सेवेचा अस्त : स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते वाढले व राज्य परिवहन मंडळाच्या गाड्या गावोगाव पोहोचल्या. तेव्हापासून बोटींचे प्रवासी घटू लागले. खाजगी कंपन्यांना हा व्यवसाय परवडेनासा झाला. कोकण प्रवासी जहाजे (संपादन) अधिनियम, १९७३ अन्वये केंद्र शासनाने या मार्गावरील जहाजे ताब्यात घेतली आणि ती चालविण्याचे काम मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे आले. तथापि बंदरांतील गाळ, धक्क्यांचा अभाव व जुनी होत चाललेली जहाजे हे मूळ प्रश्न तसेच राहिले. १९८० नंतरच्या दशकात ही सेवा संपुष्टात आली. पुढे मुंबई-पणजी मार्गावर द्रुतगती नौका चालविण्याचा १९९४ मधील खाजगी प्रयत्नही टिकला नाही.

रस्ता व लोहमार्ग : मुंबई-गोवा महामार्ग (विद्यमान राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६) किनाऱ्यापासून आत, जेथे नद्या अरुंद होतात तेथून नेण्यात आला. १९९८ मध्ये संपूर्णपणे खुला झालेला कोकण लोहमार्गही बहुतांशी आतूनच जातो. दोन्हींमुळे पावसाळ्यातील प्रवास शक्य झाला. मात्र त्याचा लाभ प्रामुख्याने महाड, चिपळूण यांसारख्या आतील गावांना मिळाला. दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग ही खाड्यांच्या मुखांवरील जुनी बंदरे मुख्य मार्गापासून दूर पडली. आगबोट गेली आणि खाडीवर पूल झाला नाही, अशा अवस्थेत त्यांची काही दशके गेली.

खाडीपूल : ही उणीव भरून काढण्यासाठी रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग योजण्यात आला. अब्दुल रहमान अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९८०-८२) रेवस-कारंजा पुलाच्या कल्पनेस चालना मिळाली. मार्गातील काही खाड्यांवर पूल झाले. परंतु धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ व जयगड या मोठ्या खाड्यांच्या मुखांवरील पूल दीर्घकाळ रेंगाळले. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊन अर्धवट थांबले. मुखाशी खाडीची रुंदी व गाळाची जाडी अधिक असते, खाऱ्या हवेने पोलाद गंजते आणि जहाजांसाठी पुलाखाली पुरेशी उंची सोडावी लागते. या कारणांनी तेथील पूल खर्चिक ठरतात. २०२० नंतर महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने या पुलांचे काम नव्याने हाती घेतले. मुंबई बंदरावरील शिवडी-न्हावा पुलाची कल्पना १९६० नंतरच्या दशकातील, सु. २१.८ किमी. लांबीचा हा ‘अटल सेतू’ प्रत्यक्षात १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकी, रिक्षा व पादचारी यांना मज्जाव आहे. ज्यांचा प्रवास लाँचच्या तिकिटावर होत आला, त्या वर्गाला अशा पुलाचा उपयोग बससेवेच्या प्रमाणातच होऊ शकतो.

मधल्या काळात फेरीबोटीने वेगळ्या रूपात पुनरागमन केले. वाहनांसह प्रवासी नेणारी सेवा २००३ मध्ये दाभोळ-धोपावे येथे सुरू झाली आणि पुढे वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ येथेही तशा सेवा आल्या. मार्च २०२० मध्ये मुंबई-मांडवा मार्गावर मोठी वाहनवाहू बोट सुरू झाली.

पुलांच्या मर्यादा : पूल झाला म्हणजे जलमार्गाचे प्रयोजन संपले, असे अनुभवावरून म्हणता येत नाही. शेजारच्या गोव्यात मांडवी नदीवरील नेहरू पूल १९७१ मध्ये खुला झाला व ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल होईपर्यंत पणजीची वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला व त्यासोबत प्रवाशांनी भरलेल्या एस. टी. गाड्या नदीत पडल्या. खाड्यांतील होड्यांची तपासणी होणे जितके अगत्याचे, तितकीच पुलांची नियमित पाहणी व देखभाल अगत्याची आहे, हे या घटनांवरून स्पष्ट होते.

आगबोटीचे अपयश समुद्रापेक्षा धक्के, गाळउपसा व प्रवासी-मर्यादा यांकडे झालेल्या दुर्लक्षात अधिक होते आणि पूलही अशा दुर्लक्षापासून मुक्त नाहीत. कोकणच्या इतिहासात जुनी सेवा प्रथम मोडली व पर्याय पुष्कळ उशिरा आला. या मधल्या काळाची किंमत मुखांवरील बंदरगावांनी स्थलांतराच्या व ओस पडलेल्या पेठांच्या रूपाने मोजली. म्हणून नवे पूल पूर्ण होऊन वाहतुकीस स्थिरपणे उपलब्ध होईपर्यंत फेरीसेवा चालू ठेवणे, आणि त्यानंतरही निवडक ठिकाणी धक्के व बोटी सज्ज ठेवणे, हे या किनाऱ्याच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते.